गच्चीवरची बेगमी

होळीच्या आठ-दहा दिवस आधीपासून आमच्या गल्लीतले कडुनिंब पाने टाकू लागतात आणि माझ्या बागेचे वर्ष तिथून सुरू होते. दिनदर्शिकेप्रमाणे ते पाडव्याला सुरू व्हायला हवे आणि शेतकऱ्याच्या हिशेबाने मृगाला. परंतु नागपूरच्या उन्हात, घराच्या गच्चीवर नऊ वर्षे कुंड्या, रंगाचे रिकामे डबे आणि जुन्या कुलरच्या टाक्या सांभाळल्यावर माझी खात्री झाली आहे की ज्याने फाल्गुनात पाला गोळा केला नाही, त्याची बाग नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तगत नाही. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी मी धान्याची रिकामी पोती घेऊन सकाळी सहाला रस्त्यावर असते, आणि फिरायला निघालेली ओळखीची मंडळी क्षणभर थबकून, काही न विचारता पुढे जातात.

रस्ता झाडणाऱ्या बाईंनी मात्र पहिल्याच वर्षी विचारले होते, "येवढा कचरा कायले पायजे काकू तुमाले?" पाल्याचे ढीग कोपऱ्यावर लावून पेटवून द्यायचे, अशी तेव्हा आमच्या भागातली रीतच होती आणि तो धूर सकाळभर घरात रेंगाळत असे. मी त्यांना गच्चीवर नेऊन खताचा पिंप दाखवला. त्यांनी आत हात घालून मूठभर काळा भुगा उचलला, नाकाशी नेला आणि "मातीवानी वास येते," असे म्हणून पुन्हा पिंपात टाकला. तेव्हापासून ढीग पेटवण्याआधी त्या आमच्या फाटकाकडे एकदा पाहतात.

पाला पाल्यासारखा नसतो, हेही पोती भरताभरताच कळले. कडुनिंबाची बारीक पाने लवकर कुजतात, म्हणून ती खतासाठी. पिंपळाची आणि आंब्याची पाने चिवट, महिनोन्‌महिने तशीच राहतात, म्हणून ती कुंडीतल्या मातीवर पांघरायला. सागाचे एक पान तर अख्ख्या कुंडीचे झाकण होते. निलगिरीची पाने मी घेत नाही. वीस-बावीस पोती जिन्याखाली रचून झाली की माझ्या जिवाला जी स्वस्थता मिळते, ती माझ्या सासूबाईंना सांडगे, पापड आणि कुरडयांचे डबे भरून झाल्यावर मिळत असावी. याच गच्चीवर त्या दर चैत्रात वाळवणे घालत. पावसाळ्याची बेगमी उन्हाळ्यात करून ठेवायची, हा शब्द मी त्यांच्याकडून घेतला, आणि बागेचे बहुतेक काम म्हणजे बेगमीच आहे, हे पुष्कळ उशिरा माझ्या लक्षात आले. बागेला जे हवे असते ते हवे तेव्हा कधीच मिळत नाही. पाला मे महिन्यात लागतो आणि गळतो फाल्गुनात. निंबोळी भाद्रपदात लागते आणि पडते आषाढात. पाण्याचे तर बोलायलाच नको.

बागकामाच्या बहुतेक लेखांत उन्हाळ्याला दोन ओळी मिळतात. ते लिहिणाऱ्यांनी विदर्भातला मे पाहिलेला नसावा. आमच्याकडे ४५ अंशांचे कुणाला नवल वाटत नाही. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले; तो संवेदकातला दोष होता असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले, पण त्या दिवशी दुपारी गच्चीवर जाऊन आलेल्या मला तो आकडा पहिल्या ऐकण्यात अगदीच अशक्य वाटला नव्हता. या दिवसांत झाड वरून जितके भाजते त्याहून अधिक बाजूंनी भाजते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी दोन वाजता हात लावून धरवत नाही, आणि मुळे नेमकी त्या भिंतीलाच चिकटून वाढलेली असतात. पहिल्या उन्हाळ्यात माझी अकरा झाडे अशी गेली आणि मी खुळ्यासारखी त्यांना आणखी पाणी घालत राहिले, म्हणजे मुळांना जवळजवळ उकडून काढले. आता एप्रिलच्या सुरुवातीलाच सगळ्या कुंड्या पूर्वेच्या कठड्याला एकमेकींना खेटून येतात, बाहेरच्या रांगेभोवती गोणपाट गुंडाळले जाते, वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी ताणली जाते आणि मातीवर पिंपळाच्या पानांचा चार बोटे थर पडतो. त्या थराखाली बोट खुपसले की सकाळचे पाणी संध्याकाळीही हाताला लागते. उघड्या कुंडीची माती त्याच वेळी कडांपासून सुटून वर आलेली असते आणि तिच्यात घातलेले पाणी फटीतून सरळ खाली निघून जाते. आमची काळी कापसाची माती नुसती कुंडीत भरू नये, याचे कारणही हेच: ती पावसात चिखल होऊन बसते आणि उन्हात फुटते. मी एक भाग माती, एक भाग पालाखत आणि थोडी जाड रेती घेते. त्याने वजनही कमी होते. ओल्या मातीचा एक घनफूट ४५ ते ५० किलो भरतो, हे गच्चीवर बाग करणाऱ्याने पाठ करून ठेवावे. मी ते न करता टाक्या सरळ स्लॅबवर मांडल्या होत्या, आणि तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल आली तेव्हा घरात जे बोलणे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. आता प्रत्येक टाकीखाली विटा आहेत.

पाण्याच्या बाबतीत मी जी एक चूक केली ती नागपुरात बरेच जण करत असतील, म्हणून सविस्तर सांगते. डासांच्या भीतीने कुलरची टाकी आठवड्याला रिकामी करावीच लागते. ते पंधरा-वीस लिटर पाणी मोरीत सोडताना जीव तुटतो, म्हणून मी ते झाडांना घालू लागले. तीन आठवड्यांत मोगऱ्याच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर बसला. वाळ्याच्या ताट्यांवर बसतो अगदी तसाच. कुलरमध्ये पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार टाकीतच राहतात, त्यामुळे आठवड्याअखेरीचे ते पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारट झालेले असते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही त्याच जातीचे. ते फरशी पुसायला चांगले. उलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी म्हणजे हवेतलीच वाफ, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आमच्या एका खोलीतल्या यंत्राखाली बादली ठेवली की दमट दिवसांत ती सकाळपर्यंत निम्मी भरते. डाळ-तांदळाचे धुवण तर सगळेच घालतात.

आणि तरीही मे महिन्यात बागेला रोज ऐंशी-नव्वद लिटर पाणी लागते, हे मान्य करायलाच हवे. २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला, पेंच प्रकल्पाची धरणे आटली आणि शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले, तेव्हा पिण्याच्या पाण्यावर दोडके पिकवणे मला शोभेना. त्या वर्षी अर्ध्या कुंड्या मी रिकाम्या केल्या, आणि पावसाळा संपण्याआधी गच्चीच्या पन्हळीचा पाइप अंगणातल्या जुन्या विहिरीकडे वळवून घेतला. याचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आमची गच्ची ६० चौरस मीटरची आहे आणि नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे काही उडाले, काही सांडले असे धरूनही पन्नासेक हजार लिटर पाणी या एका छपरावरून वाहून जात होते. ते पिंपांत साठवण्याच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या होत्या. दोनशे लिटरचा पिंप एका चांगल्या सरीत भरतो आणि मे महिन्यात अडीच दिवसांत संपतो, त्यामुळे पिंप म्हणजे केवळ मनाचे समाधान. साठा जमिनीतच हवा. पहिल्या दोन पावसांचे पाणी गच्ची धुऊन बाहेर जाऊ द्यायचे आणि मग वाळू, गिट्टी व कोळशाच्या गाळणीतून विहिरीत सोडायचे, एवढीच खटपट आहे. आता एप्रिलपर्यंत विहिरीत पोहरा बुडतो. त्याचे सगळे श्रेय मी पाइपाला देणार नाही, नंतरची काही वर्षे पाऊसही बरा झाला. पण बागेला आम्ही नळाचे पाणी घालणे बंद केले आहे.

रोहिणीत एखादा वळीव येतो, मृगात पावसाची खरी वाट पाहायची असते, आणि नागपुरात बहुधा जून अर्धा सरल्यावर तो येतो. पहिल्या पावसाच्या मोहात बी टोकणे हा नवशिक्यांचा छंद असून त्यात मीही दोन वर्षे बी गमावले. आता पाऊस एकदा नीट बसला की मगच भेंडी, गवार, चवळी, दोडका, पडवळ, अंबाडी आणि काकडी लावते. बियाणे घरचेच असते. वेलावर एक दोडका वाळेपर्यंत ठेवायचा आणि त्यातल्या बिया राखेत घोळून डब्यात घालायच्या. याच दिवसांत रस्त्यावर निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या की पुढे वर्षभर औषध विकत घ्यावे लागत नाही. पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, साबणाचे चार थेंब टाकायचे आणि संध्याकाळी फवारायचे; दिवसा फवारले तर उन्हाने त्यातला अंश लवकर निकामी होतो. मावा आणि पांढरी माशी याने आटोक्यात राहतात. पिठ्या ढेकणाला मात्र जुना दात घासायचा ब्रश आणि चिकाटी याहून चांगले औषध मला अजून सापडलेले नाही.

न लावता उगवते तेही पावसाळ्यातच. पाल्यातून आणि शेणखतातून आलेले घोळ, केना आणि तरोटा मी पूर्वी तण म्हणून उपटून फेकत असे. कोवळ्या तरोट्याची भाजी सासूबाई पहिल्या पावसानंतर एकदा तरी करतच; बाजारातून जुडी आणून करत, आणि वरच्या गच्चीवर सून तीच भाजी उपटून टाकत होती. आता घोळीला मी एक टाकी कायमची सोडून दिली आहे.

दुधीची, म्हणजे आमच्याकडच्या लवकीची, गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या वर्षी वेल जाळीभर पसरला, बोटाएवढ्या लवक्या धरल्या आणि एकेक करून पिवळ्या पडून गळाल्या. मी खत वाढवले, पाणी कमी केले, निंबोळी फवारली. दोष यांपैकी कशातच नव्हता. लवकीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि सकाळी कोमेजते. कारल्या-काकडीसारखे ते दिवसा मधमाश्यांच्या वाट्याला येत नाही, त्याला रात्रीचे पतंग लागतात, आणि आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर पांढरे दिवे जळत असताना माझ्या एकट्या वेलाकडे पतंग कशाला येतील? हे कळले त्या सायंकाळी सात वाजता मी विजेरी घेऊन वर गेले. नर फूल लांब, बारीक देठावर उभे असते. मादी फुलाच्या खाली लव असलेली इवलीशी लवकीच असते, त्यामुळे ओळखण्यात चूक होत नाही. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे सारल्या की मधला परागांचा भाग मोकळा होतो, आणि तो मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच दोन-तीनदा फिरवायचा. काम अर्ध्या मिनिटाचे आहे. चौथ्या दिवशी लवकीने देठ खाली वाकवला आणि तिच्यावर तकाकी आली. त्या वर्षी आम्ही अकरा लवक्या खाल्ल्या, आणि शेवटी शेवटी घरातल्यांनी माझी विजेरी लपवून ठेवली.

भाद्रपदात माझी वार्षिक परीक्षा असते. विदर्भात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्मी म्हणतात आणि त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. बाजारात त्या दिवसांत सोळा भाज्यांचा चिरलेला मिश्र वाटाही मिळतो, पण गच्चीवरून किती जमल्या याची नोंद मी वहीत करत आले आहे. पहिल्या वर्षी दोन होत्या, धोपा (म्हणजे अळू) आणि अंबाडी. गेल्या वर्षी दोडका, पडवळ, भेंडी, गवार, चवळी, धोपा आणि अंबाडी अशा सात झाल्या. आठवी काकडी होती, ती फळमाशीने नासवली.

याच सुमारास लिंबाला ताण द्यायचा असतो. शंभर लिटरच्या कापलेल्या पिंपात माझे कागदी लिंबाचे झाड आहे. पावसाळा संपता संपता झाडाचे पाणी तीन-चार आठवडे तोडले, पाने मलूल झाली आणि मग खत घालून बेताबेताने पाणी सुरू केले की झाड फुलावर येते; याला हस्त बहार म्हणतात आणि त्याची लिंबे एप्रिल-मेमध्ये, म्हणजे भाव चढलेले असताना, हाती येतात. शेतात हा बहार धरणे कठीण, कारण सप्टेंबरचा पाऊस ताण बसू देत नाही. पिंपावर मात्र प्लास्टिकचा कागद बांधून पाऊस अडवता येतो, आणि गच्चीवरच्या बागेची शेतावर मात करणारी मला माहीत असलेली ही एकच जागा आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये लिंबाचे भाव हा घराघरात बोलण्याचा विषय झाला होता, तेव्हा माझ्या झाडावर तेवीस लिंबे होती. अहंकार झाला, नाही म्हणत नाही. पुढच्या वर्षी ताण जास्त झाला आणि झाडाने पानेच टाकली.

त्या झाडावर दर पावसाळ्यात अळ्या येतात. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि बोट लावले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दोन फाट्यांचे शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतात. संत्र्याच्या रोपवाटिकांत या अळीला शत्रू मानतात आणि ते बरोबरच आहे. माझ्याही झाडाचे शेंडे तिने दोन दिवसांत साफ केले होते. परंतु लिंबू, बेल आणि गोडलिंब (म्हणजे कढीपत्ता) ही एकाच कुळातली झाडे असल्यामुळे अळीला बेलही चालतो, आणि आमच्या दारात बेलाचे तीस वर्षांचे झाड आहे. मी पानासकट अळ्या तोडून तिकडे नेऊन ठेवते. त्यांतल्या किती पक्ष्यांच्या पोटात जातात आणि किती फुलपाखरे होतात हे मी मोजलेले नाही.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण नागपूरचा हिवाळा बाग स्वतःच करतो. धणे लाटण्याने हलके चिरडून पेरले की आठ-दहा दिवसांत सांबार, म्हणजे कोथिंबीर, उगवतो. मेथी, पालक, मुळा, वाल यांना काहीच करावे लागत नाही. आणि उन्हाळ्यात फुलून नुसतीच फुले गाळणारी टमाटरची झाडे रात्री गार होताच फळ धरतात. हाच सांबार मे महिन्यात जगवण्यासाठी मी तीन वर्षे ओले फडके, दुहेरी जाळी आणि बर्फाचे खडे असे सगळे प्रकार केले. आता होळीपासून मृगापर्यंत आमच्या घरात सांबार नसतो. पाहुण्यांना पोह्यांवर तो दिसत नाही, तेव्हा काही जण विचारतात.

मला बागेचा खर्च-उत्पन्नाचा हिशेबही विचारला जातो. वर्षाला साठेक किलो भाजी निघते. तिघांच्या घराला ती जेमतेम काही महिने, तीही अर्धवट, पुरते. त्यावर घर चालते असे कुणी सांगत असेल तर त्याने वजनकाटा वापरलेला नाही. उलट बाजू अशी की आमच्या घरातून रोज निघणारा सहाशे-सातशे ग्रॅम ओला कचरा नऊ वर्षांत फाटकाबाहेर गेलेला नाही. एक थर ओला, त्यावर दोन थर पाला, मधूनमधून आंबट ताकाचा शिपका आणि आठवड्याला एकदा ढवळणे, एवढ्यावर पिंप चालतो. आत लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढली आणि ती हाताला चटका देत असेल तर काम नीट चालले आहे. मूठ आवळल्यावर थेंब गळाला तर पाला कमी पडला आहे. हिवाळ्यात संत्र्यांच्या सालांवर हिरवी बुरशी चढते, तिला घाबरू नये, साले बारीक तुकडे करून टाकावीत.

हिरवे जगणे म्हणून जे विकले जाते त्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. पहिल्या वर्षी मी दक्षिणेतून आलेल्या नारळाच्या भुशाच्या विटा, रंगीत वेष्टनातले शहराबाहेरचे खत आणि वीस प्लास्टिकच्या पिशव्या विकत घेतल्या होत्या. त्या पिशव्या दोन उन्हाळ्यांत कडक होऊन हातात चुरल्या आणि त्यांचे हिरवे कपटे अजून मातीत सापडतात. भंगारातून आणलेली कुलरची टाकी मात्र, गंज खरवडून आणि तळाला चार भोके पाडून, सातवे वर्ष काढते आहे.

या वर्षी थंडी लांबली आणि कडुनिंबाची पाने आठवडाभर उशिरा गळाली. मी दोन दिवस रिकामी पोती घेऊन परत आले. तिसऱ्या दिवशी पहाटे फाटक वाजले. बाहेर चार ढीग नीट लोटून ठेवलेले होते आणि बाई खराट्यावर हात टेकून उभ्या होत्या. "काकू, पिंपयाचा अलग ठेवला अन् निंबाचा अलग," त्या म्हणाल्या, आणि मी पोते उघडेपर्यंत वर गच्चीकडे पाहत त्यांनी विचारले, "गोडलिंब हाय का दोन डांग्या?"